चुरचुर जेमतेम जाणवते तिथे

सन १९१२. तुम्ही डेट्रॉइटमध्ये, पार्क-डेव्हिस या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उभे आहात. विल्बर स्कोव्हिल तुमच्यापुढे एक पेला सरकवतात. मिरचीच्या अर्काचं मलम चोळलं की दुखऱ्या अंगाला ऊब मिळते. पण मिरची मिळमिळीत निघाली तर मलम वाया, जहाल निघाली तर कातडी पोळणार. म्हणून मालाचा तिखटपणा आकड्यात हवा, आणि त्यासाठी स्कोव्हिल यांचा भरवसा रसायनांपेक्षा जिभेवर आहे.

काल त्यांनी एक ग्रेन, म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम मिरचीपूड अल्कोहोलमध्ये भिजत घातली. रात्रभर मुरलेला तो अर्क आज गाळून साखरपाण्यात मिसळलाय. तुम्ही घोट घेता. आधी गोडी, मग जिभेवर बारीक चुरचुर. “लागतंय,” तुम्ही सांगता. पुढच्या पेल्यात पाणी आणखी वाढलेलं. चुरचुर जेमतेम जाणवते तिथे थांबायचं. तोवर मिरचीच्या ५०,००० पट पाणी झालं असेल, तर तिचा आकडा ५०,०००. जपानची मिरची २० ते ३० हजारांत बसते, झांझिबारची ४० ते ४५ हजारांत. मोम्बासाची ५० हजारांपासून लाखापर्यंत जाते.

पण तुमची जीभ लवंगीच्या ठेच्यावर पोसलेली. शेजाऱ्याला झोंबतं ते तुम्हाला जाणवतही नाही. शिवाय चार घोटांनंतर ती बधिर होते. मग आकडा मिरचीचा म्हणायचा, की चाखणाऱ्याचा?

आता १९९७, सॅन फ्रान्सिस्को. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मज्जापेशींवरचं एक ग्रहणकेंद्र सापडलंय. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यालाच चिकटतं, आणि सुमारे ४३ अंशांपुढची उष्णताही तेच ओळखतं. तोंडात जाळ होतो तो म्हणूनच. तिखट ही चव नव्हे, भाजल्याची वेदना आहे. २०२१ मध्ये या शोधासाठी ज्युलियस नोबेलचे मानकरी होतात.

आजच्या प्रयोगशाळेत या. कुणी काही चाखत नाही. एचपीएलसी यंत्र कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं वेगळी करून मोजतं, आणि उत्तर स्कोव्हिल एककांत मांडलं जातं: ढोबळी शून्य, हालापेनो २,५०० ते ८,०००, ईशान्येची भूत जोलोकिया १० लाखांवर, २०२३ ची विक्रमी ‘पेपर एक्स’ सुमारे २७ लाख, शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख. यंत्र थकत नाही, चुकतही फारसं नाही. पण किती कॅप्सेसिन म्हणजे किती तिखट, हे गणित त्याला माणसांच्या जिभांनीच घालून दिलंय.