कोळशाच्या तळघरातलं जेवण

पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधल्या एका बिस्त्रोत, म्हणजे छोट्या खाणावळीत, भाचा मला घेऊन गेला, तेव्हा रस्त्याच्या पातळीवर जेमतेम चार टेबलं आणि जस्ताच्या पत्र्याने मढवलेला काउंटर दिसला. मालकीणबाईंनी खाली बोट दाखवलं. दगडी गोल जिना इतका अरुंद, की पदर खोचून, भिंतीला हात लावत उतरावं लागलं. खाली कमानदार छताचं तळघर, प्रत्येक टेबलावर मेणबत्ती, आणि ओल्या दगडाचा गार वास.

"मावशी, आवडलं ना?" भाच्याने विचारलं.

माझी नजर छतालगतच्या जाळीदार झरोक्यावर खिळली होती. त्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत होते. झरोक्याखालची भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा काळी होती. हा काळेपणा माझ्या ओळखीचा. साताऱ्यात माझ्या आजोबांची लाकूड-कोळशाची वखार होती.

मी कोळशाचं विचारलं. भाच्याने ते फ्रेंचमध्ये सांगितलं, तशा मालकीणबाई हातातलं ताट ठेवून आमच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे आजोबा 'बुन्या', म्हणजे कोळसेवाले, होते. रस्त्यावरून पोती त्या झरोक्यातून आत रिकामी करायची आणि कोळशाचा ढीग जिथे पडायचा, तिथेच आता आमचं टेबल होतं.

बिस्त्रोचा इतिहास म्हटला की लोक रशियन कोसॅक सैनिकांची गोष्ट सांगतात. १८१४ साली नेपोलियनला हरवून पॅरिसमध्ये शिरलेले हे सैनिक 'बिस्त्रो, बिस्त्रो', म्हणजे 'लवकर, लवकर' असं ओरडत दारू मागायचे म्हणे. मोंमार्त्रच्या 'ला मेर कातरीन' या उपाहारगृहावर तशी पाटीसुद्धा आहे. पण फ्रेंचमध्ये हा शब्द छापलेला सापडतो तो १८८४ साली. सत्तर वर्षं लोकांच्या तोंडी असलेला शब्द कुणाच्याच लेखणीत उतरू नये, हे मला पटत नाही. शिवाय या गोष्टीमुळे ज्यांनी हा धंदा उभा केला, ती माणसं मागे पडतात.

ती माणसं ओव्हेर्न आणि त्याला लागून असलेल्या आव्हेरोंची. फ्रान्सच्या मध्यभागातला हा डोंगराळ मुलूख. शेतं लहान, हिवाळा लांब. आपल्याकडे कोकणातून, साताऱ्यातून माणसं मुंबईला गेली, तशी ही पॅरिसला आली. आधी पाणके झाली. कावडीने पाणी वाहायचं, वरच्या मजल्यांवर पोचवायचं, आंघोळीसाठी तापवूनही द्यायचं. १८५३ पासून प्रशासक ओस्मानच्या कारभारात शहराची नव्याने बांधणी झाली, १८६५ मध्ये द्युइस नदीचं पाणी कालव्याने पॅरिसला आलं, हळूहळू घराघरांत नळ गेले आणि कावड सुटली. मग त्याच खांद्यावर, त्याच जिन्यांवरून कोळशाची पोती चढू लागली. कोळसेवाल्याला फ्रेंचमध्ये 'शार्बोनिये' म्हणतात. ओव्हेर्नच्या लोकांच्या गावठी उच्चारांची नक्कल करता करता शहरी लोकांनी त्याचं 'बुन्या' केलं.

दुकानावर पाटी असायची 'वाइन आणि कोळसा'. नवरा पोतं घेऊन पाच-सहा मजले चढायचा. बायको काउंटर सांभाळायची. कोळसा सांगायला आलेल्या गिऱ्हाइकाला ग्लासभर वाइन द्यायची, आणि घरच्यांसाठी रटरटत ठेवलेल्या भांड्यातलं वाडगाभर त्याच्याही पुढ्यात यायचं. बिस्त्रोच्या जेवणाला मंद आचेवर तासन्‌तास शिजलेल्या मांसाची, मसुरीची आणि बटाट्याची जी चव आहे, ती मला या बायकांची वाटते. माझी आजीही वखारीवर आलेल्या हमालांना ताक द्यायची. त्याचे पैसे घ्यावेत असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

या लोकांची एकी जबरदस्त होती. १८८२ मध्ये लुई बोने यांनी 'लोव्हेर्न्या द पारी' हे त्यांचं वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे गावी जाण्यासाठी स्वस्त भाड्याच्या गाड्याही सुटू लागल्या, त्यांना 'बोनेच्या गाड्या' म्हणत. लेखक-पुढाऱ्यांच्या बैठकांसाठी गाजलेली 'लिप' ही ब्रासरी १९२० साली ज्यांनी घेतली, ते मार्सेलँ काझही त्याच मुलखातले.

तळघरांबद्दल एक गैरसमज ऐकू येतो. पॅरिसखाली चुनखडीच्या खाणींची सुमारे तीनशे किलोमीटरची भुयारं आहेत. १७७४ मध्ये त्यातला एक भाग खचून रस्ता गिळला गेला, म्हणून १७७७ पासून खाणींवर देखरेख करणारं खातंच नेमलं गेलं. पण आपण जेवतो ती तळघरं म्हणजे या खाणी नव्हेत. ती घराच्याच पायातली, खाणीतल्या दगडाने बांधलेली. वर्षभर गार, म्हणून वाइनला सोयीची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने लोक यांतच दडून बसत. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, रू दोफीनवरच्या 'ताबू' या तळघरात जॅझ घुमू लागला.

पुढे गॅस आणि तेल आलं, तसा कोळसा गेला. आमची वखारही गॅसच्या शेगडीने बंद केली. बुन्यांना मात्र काउंटरने तारलं. कोळशाची जागा झाडून, धुऊन त्यांनी टेबलं मांडली.

त्या रात्री मी आलिगो खाल्लं. बटाटा आणि ताजं चीज एकत्र घोटून केलेलं, चमच्याबरोबर हातभर तार येणारं. हे आव्हेरोंच्या डोंगरावरचं गरिबाघरचं अन्न, आणि फ्रान्समध्ये मी जे काही जेवले त्यात सर्वांत चांगलं.

पॅरिसला गेलात आणि अशा तळघरात बसलात, तर मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढण्याआधी छतालगतचा झरोका शोधा आणि त्याच्या खालच्या दगडावरून एकदा हात फिरवा.