जुन्या तबकड्यांतला इतिहास



पळसाच्या नि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे लाखेचा थर धरतात, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जुन्या ग्रामोफोनची काळी तबकडी याच लाखेत दगडाची भुकटी वगैरे मिसळून करीत. मिनिटाला 78 फेरे, आणि एका बाजूला गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान अशा तबकडीसाठी गायल्या. तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत. तिथल्या लोकांना गाणाऱ्या बाई कोण ते समजावं, म्हणून गाणं संपताच त्या आपलं नाव इंग्रजीत पुकारत.

इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट नि बखरी आठवतात. पण तबकडी हाही अस्सल पुरावाच आहे, बरं का! निरनिराळ्या तऱ्हेच्या चार तबकड्या तुम्ही मुद्दाम ऐकाव्यात, असं मला वाटतं. आता ही गाणी मोबाईलवरही मिळतात.

पहिली, मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. लहानपणी ती कानी पडली आणि भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तीन मिनिटांचं गाणं, पण एका मुलाच्या जन्माची दिशा त्यानं ठरवली.

दुसरी, बालगंधर्वांनी गायलेली ‘स्वयंवर’ नाटकातली पदं. हे नाटक 1916 सालचं. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारं पद तबकडीत आटोपशीर बसवावं लागे. या पदांच्या चाली बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले यांच्या. शिष्याचा आवाज आपल्याजवळ आहे. पण 1922 साली वारलेल्या गुरूंची एकही तबकडी मागे उरली नाही. केवढी ही हानी!

तिसरी, जी. एन. जोशी यांनी गायलेली ‘शीळ’. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची. वऱ्हाडातल्या कवीचे शब्द या तबकडीनं घरोघर नेले, आणि भावगीताची वाट रुंद झाली.

चौथी, शाहीर साबळ्यांचं महाराष्ट्रगीत. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, त्या काळातलं हे गीत 2023 साली राज्यगीत ठरलं. पोवाड्याची धग त्यात आजही जाणवते.

आता गुरुजींना एक विनंती. भास्करबुवांचा आवाज गेला तो गेलाच. पण तुमच्या गावात जात्यावरच्या ओव्या जाणणारी एखादी आजी अजून असेल. तिच्यासाठी कलकत्त्याला जायला नको, की जर्मनीची वाट पाहायला नको. मुलांना घेऊन तिच्या ओसरीवर जा, तिची परवानगी घ्या आणि मोबाईलवर ओव्या टिपून ठेवा. आणि हो, गौहर जानची युक्ती विसरू नका. शेवटी आजीला तिचं नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख सांगायला लावा. नाहीतर पन्नास वर्षांनी ऐकणारा विचारील, ‘हा आवाज कुणाचा?’ आणि सांगायला कुणी नसेल.