साक्ष कागदावर उतरताना

मेक्सिको सिटीत 2005च्या डिसेंबरात बाजारात गाळा चालवणाऱ्या आन्तोनियो सुन्यिगाला पोलिसांनी रस्त्यावरून उचललं. खुनाच्या आरोपाखाली त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. हातावर बंदुकीच्या दारूचा अंश सापडला नव्हता; विरोधात होता एकच प्रत्यक्षदर्शी, तोही मृताचा नातेवाईक. लायदा नेग्रेते आणि रोबेर्तो एर्नांदेस या वकील दांपत्याने प्रकरण हाती घेतलं. आधीच्या बचाव वकिलाची सनदच बनावट निघाली, म्हणून फेरखटला मिळाला. पण त्याच न्यायाधीशापुढे! तेव्हा दोघांनी कोर्टात कॅमेरा लावला. माझ्या मते त्यांची खरी कामगिरी हीच. तिथल्या लेखी पद्धतीत निकाल मुख्यतः दफ्तर वाचून दिला जाई, आणि साक्षीदार कुठे अडखळला हे कारकुनाच्या टंकलेखनात उतरत नसे. फेरखटल्यात सुन्यिगा गजांआडून स्वतः प्रश्न विचारतो आणि गोळी कुणी झाडली हे आपण पाहिलं नाही, असं साक्षीदार अखेर कबूल करतो. न्यायाधीशाने तरीही पुन्हा दोषीच ठरवलं. अपिलात मात्र चित्रीकरण वरच्या न्यायाधीशांपुढे गेलं आणि 2008मध्ये तो सुटला.

खटले पडद्यावर चालू लागले तर संकलकच न्यायाधीश होईल, हा आक्षेप रास्त आहे, पण इथे लागू पडत नाही. याच चित्रीकरणातून दोघांनी केलेला ‘प्रेसुन्तो कुल्पाब्ले’ हा माहितीपट मेक्सिकोतल्या थिएटरांत लागला 2011मध्ये. सुन्यिगा तोवर कधीच घरी पोचला होता. त्याला सोडवलं ते प्रेक्षकांच्या हळहळीने नव्हे, अपिलाने. दुसरा आक्षेप जड आहे. आपल्याला संमतीविना दाखवलं, अशी तक्रार त्या साक्षीदाराने केली आणि कोर्टाने काही काळ प्रदर्शन थांबवलं. सुनावणी कायद्याने खुली होती, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कोर्टात चार लोकांपुढे बोलणं वेगळं, देशभर ओळखलं जाणं वेगळं. त्याचा चेहरा झाकला असता तरी पुरावा उणा झाला नसता. चित्रपटाला न्यायसुधारणेचं श्रेय देणाऱ्यांनी तारखाही पाहाव्यात. तोंडी, खुल्या सुनावणीची घटनादुरुस्ती जून 2008चीच, आणि अंमलबजावणीला 8 वर्षांची मुदत. शिवाय ती निव्वळ सुधारणाही नव्हती: त्याच दुरुस्तीने काही गुन्ह्यांत खटल्याआधीची कोठडी सक्तीची केली; 2019मध्ये ती यादी आणखी वाढवली गेली.