कोतवाल-बुकाची साक्ष

बखर हातीं आली असतां ती कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. परंतु नागपूर प्रांतांतील कोतवाल-बुकें व मुंबई इलाख्यांतील गांव नमुना १४ यांच्या वांट्यास हा विवेक फारसा आलेला नाहीं. २०२३ सालीं न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां हीं जन्ममृत्यूचीं पुस्तकें रुमालांतून एकाएकीं बाहेर आलीं, मोडी जाणणारांस मागणी आली, आणि सर्वांचे डोळे जातीच्या एका रकान्यावर खिळले. हीं पुस्तकें मुळांत ज्यासाठीं राखलीं गेलीं त्या मृत्यूच्या नोंदी मात्र कोणी वाचीत नाहीं. त्यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी व ती पारखावी कशी, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल आपलें बुक घेऊन ठरल्या दिवशीं ठाण्यावर जाई व तेथील कारकून त्याच्या तोंडून ऐकून नोंद करी. मुंबई इलाख्यांत हें काम पाटील-कुलकर्ण्यांकडे होतें. पुढें हे आंकडे तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत सॅनिटरी कमिशनरकडे जात व वार्षिक अहवालांत छापले जात. ते उलट पायऱ्या उतरून गांवीं आले, आणि अमुक विहीर बुजवा असें त्यांवरून कोणीं सांगितलें, असें क्वचितच घडे. लिहिणारास आपल्या लिहिण्याचा उपयोग दिसत नसला म्हणजे लेखणी कशी चालते, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको.

कोतवाल बहुधा महार समाजांतला. ज्यास गांवांतील बहुतेक घरांच्या ओटीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच्याच शब्दावर त्या घरांतील मरणाचें कारण सरकारदरबारीं ठरत असे. मग कारणाचा रकाना 'ताप' या एका शब्दानें भरून जावा, यांत नवल तें काय? पटकी, देवी ओळखूं येत. साप चावला हें गांवास ठाऊक असे. बाकी हिंवताप, विषमज्वर, बाळंतरोग, पुष्कळदां क्षयही, सारें तापांत जाई. तेव्हां 'ताप' हें रोगाचें नांव न समजतां सांगणाराच्या माहितीची सीमा समजावी.

अज्ञानापेक्षां भयानें झालेली चूक निराळी. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९७ चा साथरोगांचा कायदा, घरझडत्या व सक्तीचें विलगीकरण आल्यावर लोक प्लेगचें नांव सांगेनासे झाले. परंतु रोग लपविण्याइतकें प्रेत लपविणें सोपें नव्हे. म्हणून त्या काळीं शहरांतील एकूण मृत्यु नेहमीच्या सरासरीहून किती अधिक भरतात, हें पाहून खरा संहार अजमावला गेला. कारणाचा रकाना खोटा असतांही बेरीज बरीच खरी असूं शकते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

१९१८ च्या इन्फ्लुएंझांत ही बेरीजही ढासळली. नोंदणारेच आजारी पडले, कित्येक मेले. सांगावयास जावें कोणीं व लिहावें कोणीं? सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारें ६० लाख मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. आजच्या भारताच्या हद्दीपुरती लोकसंख्या १९११ सालीं २५.२१ कोटी होती, ती १९२१ सालीं २५.१३ कोटी भरली. बुकांत न चढलेलीं माणसें खानेसुमारीच्या वजाबाकींत सांपडलीं. त्या वर्षाच्या कोतवाल-बुकांत आश्विन-कार्तिकांतील पानें कोरीं आढळलीं, तर गांव वांचलें असें कोणीं समजूं नये.

गहाळ नोंदी मोजण्याची युक्ति सांपडली ती बंगालांत. हुगळी जिल्ह्यांतील सिंगूर येथें १९४७ सालीं सरकारी नोंदींची यादी व घरोघर विचारून केलेली यादी अशा दोन याद्या ताडून पाहण्यांत आल्या, आणि सी. चंद्रशेखरन् व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनीं १९४९ सालीं त्यावरून आपली रीत प्रसिद्ध केली. उदाहरणार्थ, दोन्ही याद्यांत ८० मृत्यु असावे, केवळ पहिलींत १० व केवळ दुसरींत १६. तर १० व १६ यांच्या गुणाकारास ८० नीं भागून येणारे २ मृत्यु दोन्हींतून निसटले, असें धरावें. अट एकच : एका यादीनें दुसरी पाहून लिहिलेली नसावी, व दोघी एकाच ठिकाणीं आंधळ्या नसाव्या. दोन पोथ्या एकाच मातृकेवरून उतरल्या असल्या तर त्यांच्या एकमतास किंमत नसते, हें पाठचिकित्सा करणारांस परिचितच आहे. १९६४-६५ मध्यें प्रयोगादाखल निघालेली व १९६९-७० पासून देशभर चालू झालेली नमुना नोंदणी पद्धतिही दोन नोंदींच्याच पायावर उभी आहे. गांवांतील गणक वर्षभर नोंदी करतो, दर सहा महिन्यांनीं पर्यवेक्षक स्वतंत्रपणें घरें फिरतो, आणि दोहोंत जें जुळत नाहीं त्याची पुन्हां जागेवर जाऊन शहानिशा होते.

आमच्याकडे अशी दुसरी यादी आहे. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या कोतवालास विचारून लिहिलेल्या नाहींत. यजमानानें सांगितलें व उपाध्यायानें उतरलें. एखाद्या गांवचें बुक व त्याच गांवच्या घराण्यांच्या वह्या यांचा मेळ घालून पाहिल्यास प्रौढ पुरुषांच्या नोंदी किती गळाल्या, हें बरेंच कळूं शकेल. मात्र तान्हीं मुलें वहींत नसतात, कारण त्यांचें श्राद्ध नसतें. आणि कोतवालाच्या कानावरही तींच शेवटीं येत. मुली तर दोन्हीकडे उण्या. तेथें हा भागाकार लावूं नये. उत्तर हटकून कमी येईल.