पूर्वप्रस्ताव (संशोधन अनुदान)

पूर्वप्रस्ताव : संशोधन अनुदानासाठी सविस्तर प्रस्तावाआधी सादर करावयाचे संक्षिप्त निवेदन. शेकडो संशोधकांनी महिनोन्‌महिने खपून पूर्ण प्रस्ताव लिहावेत आणि त्यांतले थोडेच मंजूर व्हावेत, हा श्रमांचा अपव्यय टाळणे हा त्याचा हेतू.

इरादापत्राहून तो भिन्न आहे. किती अर्ज येतील आणि कोणते परीक्षक लागतील, याचा अंदाज इरादापत्रावरून बांधतात. पूर्वप्रस्तावाची मात्र गुणवत्ता तपासली जाते. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशन (स्थापना १९५०) पूर्वप्रस्तावांवर दोन प्रकारे निर्णय देते. एका प्रकारात निमंत्रण मिळाले तरच पूर्ण प्रस्ताव पाठवता येतो. दुसऱ्यात निर्णय सल्ल्यापुरता असतो. प्रतिकूल सल्ल्यानंतरही अर्जाची वाट खुली राहते.

तयारी व सादरीकरण : संशोधनाचा प्रश्न, त्याचे महत्त्व, कार्यपद्धती आणि सहभागी संशोधकांची पात्रता हा मजकुराचा गाभा. सविस्तर अंदाजपत्रक बहुधा लागत नाही. परीक्षक दुसऱ्या उपशाखेचे असू शकतात, म्हणून मूळ प्रश्न पहिल्याच परिच्छेदात सुबोध भाषेत मांडणे हिताचे. अनुदान सामान्यतः प्रमुख संशोधकाच्या हाती न पडता विद्यापीठाकडे जमा होते. त्यामुळे विद्यापीठाचे संशोधन कार्यालय पात्रता, पृष्ठमर्यादा व कागदपत्रे तपासते आणि प्राधिकृत अधिकारी प्रस्ताव सादर करतो. या तपासणीसाठी विद्यापीठाची अंतर्गत मुदत अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मुदतीआधी संपते. एका विद्यापीठाकडून ठराविकच प्रस्ताव स्वीकारणाऱ्या योजनांसाठी आधी अंतर्गत निवड होते.

अनुभव : फाउंडेशनच्या पर्यावरणीय जीवविज्ञान आणि समग्र सजीवप्रणाली या विभागांनी २०१२ पासून आपल्या मुख्य योजनांना पूर्वप्रस्ताव सक्तीचा केला. वर्षातून दोनदा पूर्ण प्रस्ताव घेण्याऐवजी जानेवारीत चार पानांचे प्रकल्पवर्णन मागवले जाई आणि निवडलेल्यांकडून ऑगस्टमध्ये पंधरा पानांचे. परीक्षकांचा भार कमी करणे हा त्यामागील विचार होता. परंतु एकदा नकार आला की पुन्हा अर्ज करण्यासाठी वर्षभर थांबावे लागे. नोकरीत कायम होण्याची मुदत डोक्यावर असलेल्या तरुण प्राध्यापकांना ही प्रतीक्षा जाचक ठरे. २०१८ मध्ये ही पद्धत सोडून वर्षभर केव्हाही पूर्ण प्रस्ताव स्वीकारण्यास सुरुवात झाली.

भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या डीबीटी–वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सनेही पाठ्यवृत्तींसाठी प्राथमिक अर्ज, पूर्ण अर्ज व मुलाखत असे टप्पे अवलंबले.

पूर्वप्रस्तावाने श्रम वाचतात, तरी चार पानांवरचा नकार न्याय्य ठरण्यासाठी त्यासोबत परीक्षकांचे सकारण अभिप्राय आणि पुन्हा अर्जाची वेळीच संधी मिळणे अगत्याचे आहे.