बोबडा, तोतरा, गेंगाणा

स्पीच थेरपीच्या ओपीडीत आलेली आई निदान मराठीतच सांगते. ‘हा बोबडं बोलतो’, ‘शाळेत जायला लागला आणि तोतरा झाला’, ‘ही नाकात बोलते’, ‘सासऱ्यांची वाचाच गेली’. समोर केस हिस्टरी लिहायला बसलेली एम.एस्सी.ची विद्यार्थिनी सगळा विषय इंग्रजीतून शिकलेली असते. आईचा शब्द ती मनात इंग्रजीत बदलते आणि तोच कागदावर उतरवते. मूळ शब्द तिथेच हरवतो. हे नुकसान आहे, कारण तो शब्द भोंगळ नसतो.

नीट पाहा. ‘बोबडा’ म्हणजे ज्याचे उच्चार बदलतात, ‘र’चा ‘ल’ होतो, ‘काका’चा ‘ताता’ होतो. ‘तोतरा’ म्हणजे ज्याचा बोलण्याचा ओघ तुटतो. ‘गेंगाणा’ म्हणजे ज्याची हवा नाकातून निसटते. टाळू दुभंगलेली असली की असं होतं. ‘घोगरा’ ही स्वरयंत्राची तक्रार. आणि पक्षाघातानंतर ‘वाचा गेली’ म्हणतात तेव्हा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते. उच्चार, ओघ, अनुनाद, आवाज, भाषा हे वाचाविकारांचे पाठ्यपुस्तकातले कप्पे. आपल्या घराघरांत ते आधीपासून वेगळे ठेवलेले आहेत.

यातले बरेच शब्द ध्वनीतूनच घडलेले दिसतात. ‘तोतरा’तला दुहेरी ‘त’ हीच त्या माणसाची अडचण. ‘ततपप होणं’ हा वाक्प्रचारही तसाच. ‘बोबडा’त ओठांचा ‘ब’ दोनदा येतो, तान्ह्या मुलाच्या बडबडीत येतो तसा. संस्कृत ‘बर्बर’, ग्रीक ‘बार्बारोस’, लॅटिन ‘बाल्बुस’ यांतही तीच नक्कल ऐकू येते. फरक एवढाच की पहिल्या दोन शब्दांत न कळणारं बोलणारा परका माणूस पुढे रानटी ठरला. मराठीत ‘बोबडे बोल’ लाडाचे राहिले, भीतीने मात्र ‘बोबडी वळते’. ‘तोतरा’च्या वाट्याला असा लाड कधीच आला नाही.

सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये मूक, मिन्मिन आणि गद्गद असे तिघे सांगितले आहेत. मिन्मिन नाकातून बोलणारा, गद्गद अडखळत बोलणारा. तोच ‘गद्गद’ आज ‘सद्गदित’ होऊन आपल्या भाषणांत येतो आणि त्याचा रोगाशी संबंध उरलेला नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी स्वरांचे दोष दिले आहेत, त्यांत एक ‘अम्बूकृत’ आहे, म्हणजे तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा. आणखी एक ‘ग्रस्त’, जिभेच्या मुळाशी अडकलेला. मला इथला फरक फार महत्त्वाचा वाटतो. वैद्याने माणसाला नाव दिलं, वैयाकरणाने ध्वनीला. आपली बोली वैद्याच्या वाटेने गेली. ‘तोतरा’ हे विशेषण मुलाला चिकटतं, मग गल्लीत त्याला तेच नाव पडतं, आणि वर्गात उभं राहून धडा वाचणं ही त्याला शिक्षा होते. ‘शिक्षा’ हे खरं तर उच्चारशास्त्राच्या वेदांगाचं नाव. ‘शक्’ धातूचं ते इच्छार्थी रूप, म्हणजे ‘जमावं अशी इच्छा’. मराठीत ती दंड होऊन बसली.

हा मुलगा जिथे आणला जातो ते ‘क्लिनिक’ आलं ग्रीक ‘क्लिने’वरून, अर्थ बिछाना. रुग्णाच्या खाटेशी जाऊन बघणारा तो क्लिनिकल. ‘थेरपी’चा मूळ अर्थ सेवा, शुश्रूषा. आपला ‘उपचार’ही ‘उप’ आणि ‘चर्’ मिळून झाला, जवळ जाणं. षोडशोपचार पूजेत तो अजून सेवेच्या अर्थाने आहे. पदव्युत्तर प्रशिक्षणातले पर्यवेक्षणाखालचे तास हे जवळ जाणं शिकण्यासाठीच असतात. ‘र’ कुठे लागतो हे पुस्तकात कळतं. चार वर्षांच्या मुलासमोर जमिनीवर बसून त्याची जीभ तिथे कशी न्यायची, हे त्याच्या शेजारी बसूनच कळतं.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 सालची, मुंबईत नायर रुग्णालयातलं शिक्षण 1966 पासूनचं, वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची. इतक्या वर्षांत कितीतरी मराठी आयांनी या खोल्यांत आपले शब्द सांगितले असतील. तिथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. केस हिस्टरीत आईचा शब्द आहे तसा, देवनागरीत लिहा, आणि इंग्रजी संज्ञा त्याच्या खाली. वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात याच तक्रारींना काय म्हणतात तेही टिपून ठेवा. आणि पालकांशी बोलताना विशेषणाऐवजी क्रियापद वापरा: मुलगा तोतरा नाही, तो बोलताना अडखळतो.