पंचेचाळीसचा कोपरा

म्हैसूरच्या देवराज मार्केटमागच्या एका गल्लीत तसबिरींचं एक दुकान आहे. तिथं काउंटरखाली एक लाकडी पेटी पडलेली असते. पेटी म्हणायचं इतकंच, नाहीतर तळाला एक फळी आणि दोन्ही अंगांना दोन उभ्या फळ्या, बाकी सगळं उघडं. उभ्या फळ्यांत आरपार तीन खाचा आहेत. एक सरळ, एक डावीकडे तिरकी, एक उजवीकडे. पट्टी पेटीत आडवी ठेवायची, डाव्या हाताने मागच्या फळीशी दाबायची आणि करवत तिरक्या खाचेत उतरवायची. करवतीला इकडेतिकडे जायला जागाच नसते, त्यामुळे ती मुकाट पंचेचाळीस अंशांत कापते.

निदान सुरुवातीला तरी. ही पेटी सध्याच्या मालकाच्या वडिलांनी केलेली आहे आणि करवतीने इतकी वर्षं पट्ट्यांबरोबर पेटीलाही थोडं थोडं खाल्लं आहे. तिरकी खाच आता इतकी रुंदावली आहे की करवत आत लटपटते. मालक त्यावर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा वापरतो. एक तुकडा फाडतो, दुमडतो, खाचेत करवतीच्या बाजूने खोचतो आणि कापायला लागतो. पुठ्ठा किती पदरी दुमडायचा हे त्याचं बोट ठरवतं.

मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला ‘सार्’. माझं कन्नड मोडकं, त्याचं हिंदी त्याहून मोडकं. पण करवतीला कन्नडमध्ये ‘गरगस’ म्हणतात हे त्यानेच मला शिकवलं. आपली करवत संस्कृत ‘करपत्रा’तून आलेली. गरगस हा शब्द मात्र लाकडात करवत चालल्यासारखाच वाजतो.

तो तिरका काप म्हणजे ‘माइटर’. चौकटीच्या दोन पट्ट्या काटकोनात मिळतात, तेव्हा सांध्याची रेघ नेमकी कोपऱ्यातून तिरपी जावी, पट्टीवरची नक्षी न तुटता वळावी आणि लाकडाचं टोक, म्हणजे आडवे रेषे, कुठेच दिसू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. नाव ख्रिस्ती बिशपच्या उंच टोपीवरून पडलं असं सांगतात. तिचे दोन उतार शेंड्याला मिळतात ना, तसं. ती टोपी मुळात ग्रीक ‘मित्रा’, डोक्याला बांधायची पट्टी. काही भाषाशास्त्रज्ञ तिचं मूळ ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात आणि आपल्या ‘मित्रा’लाही तिथंच नेऊन बसवतात. दोन पट्ट्यांच्या सोयरिकीला हे नाव शोभतं खरं, पण व्युत्पत्तीत फार रमलं की करवत गंजते.

पेटी जुनी आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने 1677 पासून कारागिरीवर हप्त्याहप्त्याने जे पुस्तक काढलं, त्यात सुतारकामाच्या भागात ती आहे, आणि तिच्या संदर्भात तसबिरींच्या नि आरशांच्या चौकटीही आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही हा काप चौकटवाल्याचाच होता. घर बांधणाऱ्या सुताराला तो अधूनमधून लागतो. चौकटवाला मात्र दिवसभर दुसरं काही कापतच नाही.

आपल्याकडे चौकटवाल्याचे दिवस पालटले ते छापील देवांमुळे. राजा रवि वर्मांना म्हैसूरच्या महाराजांनी, दहाव्या चामराजेंद्र वाडियारांनी, 1885 मध्ये बोलावून घेतलं होतं. त्यानंतर 1894 मध्ये रवि वर्मांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर तैलचित्र राजवाड्यात असायचं आणि गरिबाच्या घरी भिंतीवर काढलेला देव किंवा देव्हाऱ्यातला टाक. आता लक्ष्मी नि सरस्वती कागदावर उतरून घरोघरी निघाल्या. आणि कागदाची गंमत अशी की तो नुसता भिंतीवर राहत नाही. त्याला मागे पाठ लागते, पुढे काच लागते आणि दोन्ही धरून ठेवायला चार पट्ट्या. एका देवाला चार कोपरे, चार कोपऱ्यांना आठ काप.

म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात रवि वर्मांची चित्रं आहेत. पण तिथं जी गर्दी थबकते ती दुसऱ्याच एका चित्रापुढे. नऊवारी नेसलेली मुलगी, एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा उजेड. जो तो सोबतच्याला सांगतो, रवि वर्मा. चित्र आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, 1945-46 मधलं, आणि समई धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. मी दर वेळी शेजारच्या माणसाला हे ऐकवतो; मराठी माणसाची खाज, दुसरं काय. मात्र ते चित्र जलरंगातलं आहे हे कळलं की आश्चर्य वाटतं. जलरंगाला काचेशिवाय गती नाही, आणि काच आली म्हणजे चौकट आली.

आमच्या घरात अशा चौकटी सात. त्यातल्या तीन मुंबईहून म्हैसूरला येताना खिळखिळ्या झाल्या, आणि आपणच नव्या कराव्यात अशी मला निवृत्तीतली बुद्धी झाली. अण्णा हसला. पेटी मागायची लाज वाटली म्हणून मी यंत्र घ्यायला निघालो.

त्या यंत्राचीही कुळी पेटीशीच जाऊन मिळते. खाच रुंदावते हे दुखणं अमेरिकेतल्या सुतारांनाही होतं. लिअँडर लँगडन नावाच्या माणसाने 1864 मध्ये त्यावर पेटंट घेतलं. त्याने खाचच काढून टाकली. करवत लोखंडी खांबांमधून चालायची, खांब फिरत्या सांगाड्यावर, आणि सांगाडा हव्या त्या कोनावर अडकवायचा. लाकडाने धरलेला कोन लोखंडाने धरला. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात रेमंड डीवॉल्टने लांब दांडीला टांगलेली विजेची चकती आणली. आणि 1964 मध्ये रॉकवेल कंपनीने लँगडनचं फिरतं बूड नि विजेची चकती यांचं लग्न लावलं. चकती वरून खाली यायची, कोंबडीने चोच मारावी तशी. अमेरिकेत ते घरांच्या दारा-खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी होतं. आपल्याकडे ते मी सगळ्यात जास्त पाहतो अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणाऱ्यांकडे. त्यामुळे दुकानात ‘माइटर सॉ’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, सेक्शन कापायचंय की लाकूड?

प्रश्न रास्त आहे. फॅब्रिकेशनवाल्यांकडे असतं ते चौदा इंची कट-ऑफ मशीन लांबून अगदी सख्खं भावंड वाटतं, आणि स्वस्तात मिळतंही. पण त्यात दात नसतात. घासून कापणारी चकती असते, लोखंडासाठी. लाकडाचा ती कोळसा करील. मला हवं होतं ते दहा इंची, म्हणजे 255 मिलिमीटर चकतीचं, सरकत्या दांड्या नसलेलं. तसबिरीची पट्टी रुंदीला चार-पाच बोटं. तिला सरकत्या दांड्या कशाला? स्वस्त यंत्रात दांड्या म्हणजे लटपटण्याची आणखी एक जागा. डोकं डावी-उजवीकडे कलण्याचीही मला गरज नव्हती. दुकानदाराने लेझरचा लाल पट्टा दाखवून भुलवायचा प्रयत्न केला. मी खाली वाकून चकती खाली घेतली, मुठीने डोकं आडवं हलवून पाहिलं आणि ज्याची बिजागरी कमी हलली ते घेतलं. एवढीच एक परीक्षा दुकानात करता येते.

पहिली चौकट कापली आणि तीन कोपरे झकास मिळाले. चौथ्यात पोस्टकार्ड गेलं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी त्याच्या खटक्यावर विश्वास ठेवला होता. टेबल फिरवताना पंचेचाळीसवर ‘खट्’ होतं, आकडाही छापलेला असतो, आणि माणसाला वाटतं की कोन विकत मिळाला. आता हिशेब पाहा. डावा नि उजवा, दोन्ही खटके पाव पाव अंशाने कमी पडत असतील, तर आठ कापांत मिळून दोन अंश बुडतात. ते सगळे शेवटच्या कोपऱ्यात येऊन गोळा होतात. चाळीस मिलिमीटर रुंद पट्टीचा तिरका काप छप्पन-सत्तावन्न मिलिमीटर लांब. त्यावर दोन अंश म्हणजे दोन मिलिमीटरची फट. पाव अंश डोळ्याला दिसत नाही. दोन मिलिमीटर आल्यागेल्याला दिसतात.

मग एक अख्खी दुपार बसलो. प्लग काढला. चकती खाली आणली नि अडकवून ठेवली. गुण्या घेतला, तो आधी स्वतः खरा आहे का, हे फळीवर रेघ मारून, उलटा करून पुन्हा रेघ मारून पाहिलं. रेघा जुळल्या. मग गुण्या मागच्या आडपट्टीला टेकवून चकतीच्या अंगाला लावला. दातांना नाही. दातांची टोकं चकतीच्या अंगापेक्षा जाड असतात, तिथं गुण्या लावला की तो खोटं बोलतो. अंगाला लावल्यावर एका टोकाशी उजेडाची बारीक रेघ दिसली. आडपट्टीचे चार बोल्ट सैल केले, रेघ जाईपर्यंत ती सरकवली, पुन्हा आवळले. आवळताना ती परत सरकली. असं तीनदा.

गंमत म्हणजे एकट्या आडपट्टीची चूक चौकटीला फारशी नडत नाही. ती तिरकी असेल तर डावा काप जेवढा कमी पडतो तेवढाच उजवा जास्त होतो, आणि कोपऱ्यात एक डावा नि एक उजवा भेटतात म्हणून बेरीज नव्वदच राहते. फक्त दोन तिरक्या कडा केसभर लहान-मोठ्या होतात. नडते ती खटक्यांची चूक, आणि खटके स्वस्त यंत्रात ओतीव असतात, हलवता येत नाहीत. माझा उजवा खटका चांगला निघाला. डावा कमी पडत होता. दोन तुकडे कापायचे, कोपरा जुळवायचा, आत गुण्या ठेवायचा. एका कापाची चूक तिथं दुसऱ्याच्या चुकीत मिसळून दिसते, म्हणून एक बाजू आधी पक्की करून मग दुसरी धरायची. शेवटी डाव्या बाजूला खटका वापरणंच सोडलं. टेबल खटक्याच्या किंचित पुढे नेऊन मुठीने आवळतो, आणि ती जागा दर वेळी सापडावी म्हणून आडपट्टीशी एक कागद ठेवतो. कॅलेंडरचाच पुठ्ठा, दुपदरी.

यंत्राबरोबर आलेली चकती मी काढून ठेवली. तिचे चाळीस दात इमारती लाकडाला पुरतात. सोनेरी मुलाम्याच्या पट्टीचे ते टवके उडवतात. ऐंशी दातांची वेगळी आणली, ती यंत्राच्या मानाने महागच पडली. आडपट्टीवर आणखी एक गोष्ट केली, ती कोनाइतकीच महत्त्वाची: फळीचा एक ठोकळा क्लॅम्पने अडवून ठेवला आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्यालाच टेकवून कापल्या. कोन अचूक असला तरी समोरासमोरच्या बाजू लांबीला जुळल्या नाहीत, तर चौकट वाकडीच होते.

चौकटवाल्यावर गोष्ट लिहिणारे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण याच म्हैसूरचे. 1921 मध्ये जन्मलेले, आयुष्य मुंबईत काढलं आणि 2015 मध्ये पुण्यात वारले. त्यांची एक इंग्रजी गोष्ट आहे, सोनेरी चौकटीची. तिच्यातल्या फ्रेमवाल्याचं नाव दत्ता. गिऱ्हाइकाने जिवापाड जपायला दिलेला आजोबांचा फोटो त्याच्या हातून रंग सांडून नासतो. घाबरून तो दुकानात कुणीतरी टाकून गेलेला भलताच फोटो सोनेरी चौकटीत बसवतो. गिऱ्हाईक येतं, पाहतं आणि भडकतं. चेहरा दुसऱ्याचा आहे म्हणून नाही, तर आतली पुठ्ठ्याची खिडकी लंबगोल सांगितली होती आणि ही चौकोनी आहे म्हणून.

पुठ्ठ्याची ती खिडकी नटवण्यापुरती नसते, हे मला नंतर कळलं.

माझी पहिली धड चौकट मी अण्णाकडे घेऊन गेलो. आजोबांचा फोटो, सागवानी पट्टी, चारही कोपरे बंद. त्याने चष्मा कपाळावर चढवला, चारही सांध्यांवरून अंगठ्याचं नख ओढलं. नख कुठं अडलं नाही. “पावसाळ्यात बाहेरून उघडेल, उन्हाळ्यात आतून,” तो म्हणाला. बरोबर होतं. लाकूड रुंदीत फुगतं-आटतं, लांबीत जवळपास नाही. फुगलं की दोन पट्ट्या आतल्या अंगाला आधी भिडतात नि बाहेर फट पडते, आटलं की उलट. हे त्याने आकडे न मांडता सांगितलं.

मग त्याने चौकट उजेडाकडे तिरकी धरली आणि कोपरे सोडून पहिल्यांदाच आत पाहिलं. फोटो काचेला भिडला होता. मधे पुठ्ठा नव्हता. मला त्याची गरजच वाटली नव्हती.

“सार्,” तो म्हणाला, “दमट हवेत तुमचे आजोबा काचेला चिकटतील.” आणि कॅलेंडर काढून पट्ट्या फाडायला लागला.